घरातल्या कर्त्या माणसाचं आयुष्य लिहून काढायचंय? पहिल्यांदाच करत असाल तर इथून सुरू करा

घरातलं नव्वदीतलं माणूस जातं, तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन होतं, मग उत्तरकार्य, गल्लीच्या तोंडाला डिजिटल बोर्ड लागतो आणि त्यावर प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल असं छापलेलं असतं, जे पुढच्या गल्लीतल्या बोर्डावर पण सेम असतं. वर्षानं पुण्यस्मरणाची पत्रिका काढायची वेळ येते तेव्हा परत तेच. ज्या माणसानं साठ-सत्तर वर्षं घर ओढलं त्याच्याबद्दल नातवंडांच्या पोरांना एवढंच कळणार हे मला पटत नाही. आमच्या तात्यांचं (माझे आजोबा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर होते) तसं होऊ नये म्हणून मी त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला एक छोटं पुस्तक केलं, नंतर ओळखीच्या काही घरांना करायला मदत केली, आणि कसं करायचं हे लोक सारखं विचारतात म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. लेखक असायची गरज नाही. मोबाईल, एक शंभर पानी वही आणि चिकाटी, एवढं पुरतं.

आणि माणूस हयात असेल तर मग वाटच बघू नका. सहस्रचंद्रदर्शन करताय ना, हॉल बुक करताय, जेवणाचा मेनू ठरवताय, त्याच्या आधी चार महिने हे काम सुरू करा. त्यांच्या तोंडून जे मिळेल ते नंतर कुणाकडूनच मिळत नाही.

आधी माणसं, कागद नंतर

नवीन माणूस काय करतो, पहिल्यांदा कपाट उघडतो. फायली काढतो, दाखले शोधतो, आणि त्यात महिना जातो. कागद कुठं पळून जात नाहीत हो. माणसं जातात, किंवा असतात पण विसरायला लागतात. म्हणून पहिल्या दिवशी वहीत यादी करा, त्यांना ओळखणारं जिवंत माणूस कोण कोण आहे, आणि ती वयानं लावा, सगळ्यात म्हातारं सगळ्यात वर. बहीण, भाऊ, मेहुणे, चुलत भावजय, कामावरचा जोडीदार, तालमीतला दोस्त, शेजारी, ज्यांच्या घरात भाड्यानं राहिले त्या मालकांची मुलं. त्याच क्रमानं भेटायला लागा. आत्या गारगोटीला असेल, पाय दुखतात म्हणून येत नसेल, तर तुम्ही जा. फोनवर हे काम होत नाही, फोनवर सगळे "बरं हाय, तू कसा हाईस" एवढ्यावर संपवतात.

सख्खी मुलं यादीत शेवटी ठेवा. ऐकायला बरं वाटत नाही पण माझा अनुभव तसाच आहे. मुलांनी बाप बघितलेला असतो सकाळी डबा घेऊन जाताना आणि रात्री जेवताना, आणि मुलगे तर बापाशी बोलतच नसायचे त्या काळात. सुना, जावई, शेजारीण, ज्याला त्यांनी अडीअडचणीला पैसे दिले तो माणूस, यांच्याकडं जास्त सापडतं. घरासाठी जगलेला माणूस स्वतःबद्दल काही मागं ठेवत नाही, त्याचं जे काही आहे ते दुसऱ्यांच्या आयुष्यात जाऊन बसलेलं असतं. सगळं काम याच एका गोष्टीवर चालतं, ती डोक्यात ठेवलीत तर पुढचं सोपं जाईल.

काय विचारायचं

"तात्या कसे होते?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं आहे, "लई देवमाणूस." झालं, संपलं. तो प्रश्नच विचारू नका. त्यांनी तुमच्यासाठी काय केलं, तुमच्याबरोबर कुठं आले, तुम्हाला कधी रागावले, असं विचारा. प्रश्न जेवढा बारका तेवढं उत्तर मोठं येतं. पगाराच्या दिवशी घरी येताना काय आणायचे? पगार कुणाच्या हातात द्यायचे, आईच्या का बायकोच्या? घरात पहिला रेडिओ कधी आला आणि पैसे कुठनं आणले, भिशी होती का सोसायटीचं कर्ज? पोरगं आजारी पडलं की दवाखान्यात कोण घेऊन जायचं? बायको माहेरी गेली की स्वयंपाक कोण करायचं? चिडले की काय करायचे, बोलायचे का गप्प बसायचे? 

आपल्या कोल्हापूरचे म्हणून काही खास प्रश्न आहेत ते विसरू नका. खासबागला कुस्त्या बघायला कुणाबरोबर जायचे आणि पोरांना खांद्यावर बसवून नेलं होतं का. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जायचे का. कुठल्या तालमीचे, फुटबॉलला कुणाच्या बाजूनं ओरडायचे. जोतिबाला चैत्रात चालत जायचे का बैलगाडीनं. आषाढात त्र्यंबोलीला पाणी घालायला घरातनं कोण जायचं. जयप्रभा नाहीतर शालिनी स्टुडिओत सिनेमाच्या गर्दीत कधी उभे राहिलेत का, हे तर विचाराच, जुन्या पेठांमधल्या कितीतरी घरात असा एक तरी माणूस निघतो आणि घरच्यांना पत्ता नसतो.

माझ्या धाकट्या आत्याला मी एवढंच विचारलं होतं की तुझी शाळेतली पहिली चप्पल कुणी आणली. ती म्हणाली, जून लागायच्या आधी तात्या आम्हा सगळ्या भावंडांना भिंतीला पाठ लावून उभं करायचे, गोधडीच्या पांढऱ्या दोऱ्यानं एकेकाच्या पायाचं माप घ्यायचे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि दोरा दातानं तोडून त्याला गाठी मारायचे. थोरल्याच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, असं करत आत्याच्या दोऱ्याला पाच. ते दोरे शर्टाच्या खिशात घालून चप्पल लाईनला एकटेच जायचे, कारण सगळ्या पोरांना घेऊन गेलं की येताना रस पाजायला लागणार आणि तेवढे पैसे नसायचे. चप्पल कायम बोटभर मोठी यायची, वर्ष निघावं म्हणून. आत्या हे सांगताना हाताची दोन बोटं दाताजवळ नेऊन दोरा तोडून दाखवत होती. आता हे "तात्या कसे होते" विचारून कधी आलं असतं का सांगा.

रेकॉर्डिंग

मोबाईलमधलं साधं रेकॉर्डर ॲप पुरतं. विचारून मगच चालू करा, लपूनछपून करू नका, आपलीच माणसं असली तरी. पंखा बंद करा, कुकर लावला असेल तर शिट्ट्या होऊ द्या मग बसा, टीव्ही बंद. मोबाईल स्टीलच्या ताटावर किंवा काचेच्या टीपॉयवर ठेवू नका, आवाज घुमतो, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. फ्लाईट मोडवर टाका नाहीतर मधेच कुणाचातरी फोन येतोच. सकाळी दहा ते बारा ही वेळ म्हाताऱ्या माणसांना चांगली, नाष्टा झालेला असतो, औषधं घेतलेली असतात, डोकं ताजं असतं. पाऊण तासाच्या वर बसू नका. थांबा, चहा घ्या, परत कधीतरी या.

हातात काहीतरी द्या, हे लई महत्त्वाचं. जुना फोटो, त्यांचा चष्मा, पानाचा डबा, टोपी, घड्याळ. वस्तू हातात आली की माणूस आपोआप बोलायला लागतं. मधे गप्प बसले तर तुम्ही पण गप्प बसा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, त्या गप्पपणातनंच पुढचं येतं. आणि साल चुकलं, नाव चुकलं म्हणून तिथंच दुरुस्त करायला जाऊ नका, एकदा अडवलं की माणूस जपून बोलायला लागतं. वहीत खूण करा, नंतर दुसऱ्याकडनं ताडून बघा.

घरी आल्याबरोबर फाईलला नाव द्या, तारीख, कुणाशी बोललो आणि विषय. "रेकॉर्डिंग 14" असं राहिलं तर वर्षानं तुम्हालाच सापडणार नाही. मग सावकाश ऐकून लिहून काढा, गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाईप होतं, रेकॉर्डिंग कानात ऐकत ऐकत आपण तेच वाक्य बोललं की निम्मं काम होतं. लिहिताना भाषा सुधारू नका, एवढी एक विनंती. आजी "मी आलो, मी केलो" असं बोलत असेल तर तसंच लिहा, "व्हय", "न्हाई", "कवा" सगळं राहू द्या. पुस्तकी केलंत की वाचणाऱ्याला आवाजच ऐकू येत नाही.

साल जुळवणं

म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजे 1 जून लिहून टाकायचे, त्यामुळं त्या पिढीत अर्धी आळी 1 जूनला जन्मलेली असते. दाखल्यावरची तारीख लिहा, पण बहिणीनं सांगितलेली तिथी, सण, पाऊस काय ते पण शेजारी लिहा.

बाकीच्या गोष्टींचं साल कुणालाच आठवत नसतं, पण "त्याच्या आधी का नंतर" हे आठवतं. म्हणून मी एक मोठा कार्डशीट घेऊन त्यावर आधी गावाच्या खुणा मांडल्या आणि मग घरातल्या गोष्टी त्यात टाचत गेले. तुम्ही पण तसं करा. 1948 च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर झालेली जाळपोळ, ज्यात जयप्रभा स्टुडिओ पण जळाला. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं. एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले, म्हणजे आठवणीत आणे असतील तर बहुतेक त्याच्या आधीची गोष्ट (बहुतेक म्हणते कारण लोक पुढं कितीतरी वर्षं आण्यातच बोलायचे). 1 मे 1960 महाराष्ट्र. 1962 ला शिवाजी विद्यापीठ. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनेचा भूकंप, हे तर कुणालाही विचारा, भांडी कशी वाजली आणि कोण कुणाला उचलून बाहेर पळालं ते सांगतील, आणि तेव्हा घरात किती पोरं होती हे लगेच कळतं. बहात्तरचा दुष्काळ, आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महापालिका झाली. 16 फेब्रुवारी 1980 चं सूर्यग्रहण, लोक दारं लावून घरात बसलेले. मग 2005, 2019 आणि 2021 चे पूर. नृसिंहवाडीचं कन्यागत (गुरू कन्या राशीत जातो तेव्हाचा सोहळा) पण चांगली खूण आहे, साधारण बारा वर्षांनी येतं, मागचं 2016 ला झालं, "कन्यागताला गेलो तेव्हा तू पोटात होतास" असं आई सांगत असेल तर हिशोब लागतो.

पहिल्याच दिवशी सगळं जुळणार नाही. आमच्या घरात तात्यांचं लग्न विलीनीकरणाच्या आधी का नंतर यावर दोन आत्यांचं अजून एकमत नाही, पुस्तकात मी दोघींचं म्हणणं दोघींच्या नावानं छापलंय.

कागद

आता कपाट उघडा. पण उघडायच्या आधी सगळ्या भावंडांना, काका-आत्यांना सांगा की काय करताय आणि कशासाठी. मेल्या माणसाचे कागद चाळायला लागलं की कुणालातरी वाटतंच की हिचा डोळा जागेवर आहे. म्हणून सगळ्यांच्या समोर काढा, जागेवरच मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ कागद आहे तिथं परत ठेवा. घरी घेऊन जाऊ नका. यानं निम्मी भांडणं टळतात.

शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा, मृत्यूदाखल्याची झेरॉक्स आणि तुमचं नातं दाखवणारा कागद बरोबर न्या, जुन्या शाळा सहसा सहकार्य करतात, फक्त ॲडमिशनच्या जून महिन्यात जाऊ नका. शेत असेल तर सातबारापेक्षा जुने फेरफार बघा, वारसाची नोंद कधी लागली, कुणाकुणाची नावं होती, कुठल्या बहिणीनं हक्क सोडला, घराचा सगळा इतिहास तिथं ओळी-ओळीत असतो. गावठाणातलं, पेठेतलं घर असेल तर सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्ड. 1950 च्या आधीचे बरेच कागद मोडी लिपीत असतात, घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत, आधी चांगला फोटो काढून ठेवा, वाचायचं नंतर बघू.

वंशावळीसाठी आपल्या भागात हेळवी येतात हे नव्या पोरांना माहीतच नसतं. सुगी झाली की गावात येतात, त्यांच्या चोपडीत तुमच्या घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, बऱ्याचदा कन्नडमध्ये. गावाकडं कुणालातरी सांगून ठेवा की हेळवी आला की फोन कर, आणि तो वाचून दाखवेल तेव्हा रेकॉर्ड करा, त्याचं धान्य, पैसे काय असतील ते मान ठेवून द्या. घरातलं कुणी त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला विधी करायला गेलं असेल तर तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत पण नावं सापडतात. एक मात्र आहे, या जुन्या वंशावळीत बहुतेक पुरुषच असतात. तुम्ही करताना मुली, सुना, मुलींची मुलं सगळी घाला, सुनांची माहेरची नावं घाला. ज्या माणसानं आयुष्यभर पोरींची लग्नं, बाळंतपणं, दिवाळसण केले त्याच्या वंशावळीत पोरीच नाहीत हे बरोबर दिसत नाही.

आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे हिशोबाची वही. दाखल्यात माणूस नसतो, हिशोबात असतो. पतसंस्थेची, कापड दुकानाची फुकट मिळालेली खिशातली डायरी, दूधवाल्याचं कार्ड, किराण्याची खात्याची वही, भिशीचा कागद, यातलं काहीच रद्दीत घालू नका. तात्यांच्या डायऱ्या आजीनं ट्रंकेत ठेवल्या होत्या. दर महिन्याला तेच, दूध, रॉकेल, आक्का औषध, फी, गावाकडं मनिऑर्डर, आणि सगळ्यात खाली "स्वतः" म्हणून दोनच गोष्टी, दाढी आणि विडी. मग एका जूनमध्ये विडी बंद होते आणि त्याच पानावर मोठ्या आत्याची फी सुरू होते. कुणालाही वाटेल की पोरीच्या फीसाठी विडी सोडली. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "खोकला व्हायचा रात्रभर, म्हणून सोडली बाई." तर असं असतं, कागद बघून गोष्ट रचू नका, त्यावेळी घरात असलेल्या माणसाला विचारा, आणि विचारायला कुणी उरलं नसेल तर नोंद आहे तशी छापा आणि पुढं काही जोडू नका.

फोटो

अल्बममधला फोटो चिकटला असेल तर ओढू नका, शिवणाचा दोरा किंवा दातात घालायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागनं हळूहळू करवतीसारखा सरकवा. तरी निघत नसेल तर राहू द्या, आहे तसाच फोटो काढा. फ्रेममधल्या काचेला चिकटलेला तर अजिबात सोडवू नका, काचेतनंच काढा, तुमच्या मागं काळी साडी नाहीतर चादर धरायला कुणालातरी उभं करा म्हणजे काचेत मागचं प्रतिबिंब येत नाही. स्कॅनर मिळाला तर 600 डीपीआयला स्कॅन करा, नाहीतर खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा ठिकाणी फोटो सपाट ठेवून मोबाईल बरोबर वरनं धरून काढा, फ्लॅश बंद.

नातेवाईकांकडनं व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. साधा पाठवला की बारका होऊन येतो आणि छापताना चेहरे फुटतात. मूळ फोटोच्या मागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं, कडेला, बॉलपेननं पुढच्या बाजूला उमटतं. आणि नावं आत्ताच विचारून घ्या, डावीकडनं उजवीकडं, लहान पोरांसकट. स्टुडिओचा शिक्का मागं असेल तर त्याचा पण फोटो काढा, साल काढायला उपयोगी पडतो.

पुरात भिजलेले फोटो हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे, 2019 ला किती घरांचे अल्बम गेले हे नदीकाठच्या पेठांमध्ये कुणालाही विचारा. परत कधी वेळ आलीच तर गठ्ठा तसाच वाळवू नका, एकदा वाळून चिकटले की संपलं. स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक सोडवा आणि सावलीत कपड्यावर चेहरा वर करून पसरा. एवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरला टाका, नंतर सवडीनं सोडवता येतात. आणि सगळ्या फाईलींची एक कॉपी पाणी येत नाही अशा भागातल्या पाहुण्यांकडं पेनड्राईव्हवर, एक गूगल ड्राईव्हवर, हे आजच करून टाका.

आजीचं काय

हे बरेच जण सोडून देतात म्हणून वेगळं लिहितेय. तात्या दोन पाळ्या करू शकले, गावाकडं पैसे पाठवू शकले, कारण घरात आजी होती, सासू-सासऱ्यांचं आजारपण तिनं काढलं, पाव्हणेरावळे तिनं केले. आजोबांवर पुस्तक करताना आजीला फक्त "त्यांच्याबद्दल सांग" म्हणून बसवू नका. तिचं तिला विचारा, माहेर कुठलं, लग्नाआधी काय करायची, या घरात पहिला दिवस कसा गेला. आमच्या पुस्तकातली सगळ्यात जास्त पानं शेवटी आजीच्या बोलण्याचीच झाली आणि ती तशीच ठेवली. तिला हे एकटीलाच बोलायचं असेल तर सुना-मुलांना बाहेर पाठवा, सगळे बसलेले असताना ती "मला काय माहीत, त्यास्नीच माहीत" एवढंच म्हणणार.

काय छापायचं नाही

उसने दिलेले पैसे आणि कुणाला दिले, जमिनीचे वाद, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाचं दारूचं व्यसन. खरं असलं तरी जिवंत माणसाच्या परवानगीशिवाय नाही. अशा गोष्टी वहीत लिहून ठेवा, नष्ट करू नका, पण छापू नका. आजारपणाचं पण तेवढंच, शेवटचे दवाखान्यातले दिवस दोन ओळीत पुरतात. खरं सांगायचं तर घरच्यांना तेच सगळ्यात ताजं असतं म्हणून सगळे तेच सांगत बसतात, आणि नव्वद वर्षांच्या पुस्तकात वीस पानं आयसीयूची होऊन बसतात. कागदांचे फोटो छापताना आधार नंबर, खाते नंबर झाकायला विसरू नका.

पण याचा अर्थ फक्त गोड गोड लिहा असा नाही. रागीट होते तर रागीट होते. तात्या एकदा काकाशी वर्षभर बोलत नव्हते, काकानंच सांगितलं आणि छापायला हो म्हणाला, आणि ते पान वाचून लोकांना तात्या जास्त आपले वाटले.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करायची गरज नाही. माणसागणिक लिहा, आत्यानं सांगितलेले तात्या, शेजारच्या मावशींचे तात्या, लेथवरच्या जोडीदाराचे तात्या, असे छोटे छोटे भाग, प्रत्येकाच्या वर सांगणाऱ्याचं नाव आणि नातं. पुढं एका पानावर सालवारी द्या, शेवटी वंशावळ. पहिल्यांदा करणाऱ्याला हा साचा सगळ्यात सोपा जातो आणि सगळ्या नातेवाईकांची नावं येतात, मानपानाचा प्रश्न उरत नाही.

लिहून झालं की लाल पेन घेऊन सगळी विशेषणं खोडा. कष्टाळू, प्रेमळ, निःस्वार्थी, सगळी. खोडल्यावर त्या वाक्यात काहीच उरत नसेल तर ते वाक्यच काढा, आणि तिथं एक प्रसंग घाला. प्रसंग नसेल तर ज्यानं ते विशेषण वापरलं त्याला परत फोन करा आणि विचारा, "कशावरून?" तात्या माणसं जोडायचे असं एका जोडीदारानं सांगितलं होतं, कशावरून विचारल्यावर कळलं की नवीन पोरगा कामाला लागला की पहिला महिनाभर तात्या घरनं दोन भाकरी जास्त न्यायचे, कारण खोलीवर राहणाऱ्या पोरांचा पहिला पगार हातात येईपर्यंत हाल असतात. आजी म्हणाली, मला वाटायचं ह्यांची भूक वाढली.

जुन्या बातम्या, गावातल्या एखाद्या घटनेची खात्री करायची असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जा, 1850 पासूनचं ग्रंथालय आहे, जुनी वर्तमानपत्रं, अंक यांची तिथं चौकशी करा. पण त्यात अडकू नका, हे घराचं पुस्तक आहे, गावाचा इतिहास दोन-चार ओळींपेक्षा जास्त नको.

छापणं

ए-फाईव्ह साईज घ्या, हातात नीट बसतं. मधे पिन मारून करणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, 32, 36, 40, त्यामुळं मजकूर त्या हिशोबानं बसवा. शंभर-दोनशे प्रतीच हव्या असतील तर डिजिटल प्रिंट, जास्त असतील तर ऑफसेट परवडतं, दोन ठिकाणी दर विचारा. तुम्ही मोबाईलवर टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि बऱ्याच डीटीपीवाल्यांकडं अजून श्रीलिपीसारखे फॉन्ट असतात, बदलताना जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो, "ऱ्या" ची वाट लागते. म्हणून प्रूफ कागदावर काढून घ्या आणि घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना वाचायला द्या, त्यातलं एक नावं तपासणारं. नाव चुकलेलं माणूस पुस्तकातलं बाकी काही वाचत नाही.

अक्षर बारीक ठेवू नका. वाचणारे निम्मे सत्तरीच्या पुढचे असतात, 14 पॉईंटच्या खाली जाऊ नका, जाहिरातीसारखी फुलांची बॉर्डर आणि फोटोवर मजकूर असलं काही नको, काळं अक्षर पांढऱ्या कागदावर. प्रत्येक फोटोच्या खाली नावं आणि साधारण साल. शेवटी चार पानं कोरी सोडा, पुण्यस्मरणाला आलेल्या लोकांना हातात पुस्तक मिळालं की त्यांना अजून आठवतं, तिथंच लिहून घ्या, दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडतं, आणि दुसरी आवृत्ती बहुतेक काढावी लागतेच.

मूळ फोटो, डायऱ्या, रेकॉर्डिंग कुणाकडं राहणार हे कार्यक्रमाच्या आधी ठरवा आणि कागदावर लिहून सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या. रेकॉर्डिंगची एकेक कॉपी ज्याचा आवाज आहे त्याच्या घरी द्या, त्यांच्या पोरांना ती तुमच्या पुस्तकापेक्षा जास्त मोलाची असते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा, आमच्याकडं चुलत भावानं केलं. आणि छापून आल्यावर पहिल्या प्रती यादीतल्या सगळ्यात वरच्या माणसांना कार्यक्रमाच्या आधीच घरी नेऊन द्या, पोस्टानं किंवा कुणाच्या हाती पाठवू नका, जाताना कागद-पेन घेऊन जा, कारण ती माणसं बसल्या बसल्या चार चुका तरी काढणार आहेत आणि त्या बरोबर असणार आहेत.